उजव्या पायाचा ठसा
परवा तुकोगंजातल्या हाडांच्या दवाखान्यात ओल्या प्लॅस्टरचा वास आला आणि परदेशीपुऱ्यातलं आमचं अंगण डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, जीवाश्मांचा विषय नवीनच होता आणि प्रॅक्टिकलसाठी एक ठसा करून न्यायचा होता. बाबांची मिल बंद होऊन वर्ष झालं होतं, ते दिवसभर ओट्यावर बसून असत. मी पसरलेली ओली माती बघून बाबा म्हणाले, "माझाच पाय घे ना बेटा, सालभर तसाही रिकामाच आहे." त्यांनी उजवा पाय मातीत दाबला, मी त्या खळग्यात प्लॅस्टर ओतलं. भेगाळलेली टाच, वाकडी करंगळी, सगळं उतरलं. "किती टिकेल गं हे?" "दगड झालं तर लाखो वर्षं," मी ऐटीत सांगितलं. "चलो, काहीतरी तर राहील," म्हणत ते हसले. त्याच आठवड्यात, मिलच्या गेटवर चौकशी करून येतो म्हणून बाबा निघाले, ते परत आलेच नाहीत. स्टेशन, पोलीस, नातेवाईक, सगळीकडे शोधलं. महिन्याभराने प्रॅक्टिकलला परीक्षकांनी तो ठसा हातात घेऊन विचारलं, "यावरून काय सांगता येईल?" मी म्हणाले, "चालणारा जिवंत होता. भार टाचेवर जास्त देत होता." "आणि निघाला कुठे होता?" त्यांनी सहज, हसत विचारलं. आता माझी पन्नाशी उलटली आहे, तरी बाजारात कुणी म्हातारा पुढे चालत असला की माझी नजर आधी त्याच्या टाचांवर जाते.