बिल्लेवाले काका

बिल्लेवाले काका पितळेला चिंच लावू द्यायचे नाहीत. जुन्या पोलिसांचे टोपीवरचे, पट्ट्यावरचे बिल्ले त्यांनी घरभर मांडले होते आणि सगळे काळपट. दिवाळीला काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर एखादा घासायला घेतला, की काका ओरडत, "ठेव वं खाली! घासला का त्याच्यातला मानूस निघून जाते."

नागपुरातले आमचे हे शेजारी म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. भंगारवाल्यांकडे फिरून ते मध्यप्रांताच्या काळातले बिल्ले शोधत. अक्षरं झिजलेली असली, की वर पातळ कागद धरून पेन्सिल हलकेच फिरवत, अक्षरं उमटत. मग बिल्ला कुठल्या हुद्द्याचा, हे विचारायला म्हाताऱ्या हवालदारांच्या घरी जाऊन बसत. खात्री नसली तर सरळ सांगत, "माहीत नाही म्हनायले काहून लाजाचं?"

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कामठीला पोलीस शिपाई होते. आई लहान असतानाच ते गेले. फोटो एकही नाही. आम्ही या कॉलनीत आलो तेव्हा काचबिंदूने आईची दृष्टीही गेली होती. ती म्हणायची, "बाबांचा चेहरा आठवत नाही. टोपीवरचा बिल्ला मात्र बोटाले आठवते. पन तेही खरं का भास, कोन जाने." हे मी काकांच्या कानावर घातलं.

काही महिन्यांनी एका दुपारी ते पिशवी घेऊन आले आणि आईच्या हातात एकेक बिल्ला देऊ लागले. ती चाचपून परत करी. एकावर तिचं बोट थांबलं.

"हाच! बाबांचाच आहे ना, भाऊ?"

मी काकांना खुणावलं, हो म्हणा. ते आईकडे वळले.

"ताई, तुमच्या बाबांचाच आहे असं नाही सांगू शकत. पन तेव्हा कामठीच्या शिपायांच्या टोपीवर असाच राहे. तुमचं बोट खोटं नाही बोलून राहिलं."

मला रागच आला. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आईचा चेहरा उजळला. "म्हनजे मले बरोबर आठवते!" आणि मग ती संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. बाबा तिला सायकलवर पुढे बसवत, जेवताना भिवापुरी मिरची चावून खात, डोळ्यांत पाणी आलं की स्वतःच हसत. काकांनी तिला खोटा होकार दिला असता, तर तिच्या आठवणीला ही हिंमत आली नसती आणि हे आजोबा मला कधीच भेटले नसते.

काकू गेल्यावर काका मुलीकडे हैदराबादला जायला निघाले. बिल्ले एका कॉलेजला दिले, तो एक आईकडे ठेवला. निरोप घ्यायला आले तेव्हा आई म्हणाली, "भाऊ, तुमाले मी कधी पाह्यलंच नाही. जरा खाली वाका."

काका वाकले. आईने त्यांचं कपाळ, भुवया, गालावरचे खुंट सावकाश चाचपले. ते डोळे मिटून तसेच उभे राहिले.

"झालं," आई म्हणाली. "आता नाही विसरत."