धोंड्याचं जेवण आणि साडूचा पट्टा

साडूचा हेवा करायला कारण लागत नाही. माझ्या साडूनं तर कारणंही भरपूर पुरवली. आमची सासुरवाडी दिंडोरीकडची, द्राक्षबागेतली. थोरला जावई मी. पण अधिक मासात धोंड्याच्या जेवणाला सासूबाईंचं लक्ष सगळं धाकट्याच्या पानाकडे. यंदा आहेरात मला बिस्किटी शर्ट आला, त्याला आकाशी. आकाशी मला किती शोभतो, हे आमच्या इंदिरानगरात कुणालाही विचारा.

त्यात हे महाशय कारखान्यात प्रथमोपचार शिकलेले. गाडीत टूर्निकेट बाळगायचे, म्हणजे एक रुंद पट्टा आणि तो पिळून आवळायला दांडी.

"काय साडूभाऊ, पँट ढगळ झाली काय?" मी सगळ्यांदेखत विचारलं. सगळे हसले. तोही हसला, आणि माझी सगळी मजाच गेली.

पानं मांडायच्या आत बागेतून आरोळी आली. मेहुणा मांडवाचा लोखंडी अँगल कापत होता. ग्राइंडरची चकती फुटून त्याच्या उजव्या हातात, मनगटाच्या वर घुसली होती. रक्त उसळ्या मारत होतं.

साडूनं खांद्यावरचं उपरणं जखमेवर गच्च दाबलं. तेही भिजलं. "दाबून थांबत नाही. साडूभाऊ, गाडीतला पट्टा आणा, पळा!"

त्याचाच पट्टा मी आणून द्यायचा? वेली बांधायची सुतळी समोरच पडली होती. मी ती मेहुण्याच्या मनगटाला करकचून आवळली. रक्त तसंच.

"अहो, रक्त खांद्याकडून येतंय आणि तुम्ही जखमेच्या खाली काय बांधताय? आणि सुतळीनं नुसतं कातडं कापेल!"

तोवर सासरे पट्टा घेऊन धावत आले. साडूनं तो कोपर सोडून वर, दंडावर बसवला आणि दांडी पिळत गेला. मेहुणा गुरासारखा ओरडला. रक्त थांबलं. खिशातल्या पेनानं साडूनं मेहुण्याच्या कपाळावर पट्टा आवळल्याची वेळ लिहिली. मला वाटलं, झालं, आता ह्याचा फोटो देवघरात लागणार.

गाडी साडूनं हाणली. मागे मी आणि मेहुणा. "दांडीला हात लावू नका. ती दवाखान्यातच सुटेल," साडूनं बजावलं.

वाटेत मेहुणा कण्हत म्हणाला, "मोठे दाजी, लय दुखतंय हो. थोडं सैल करा ना. तुम्हाला तरी दया येऊ द्या."

'तुम्हाला तरी' हे दोन शब्द मला पुरले. शिवाय लहानपणी ऐकलं होतं, बांधलेलं अधूनमधून सैल करावं, नाहीतर हात सडतो. मी दांडी जराशी उलटी फिरवली.

रक्ताची चिळकांडी थेट माझ्या बिस्किटी शर्टावर आली.

"काय केलंत?" साडू आरशात बघून ओरडला. "दुखणारच ते! आवळा! थांबेपर्यंत आवळा!"

मी जीव खाऊन दांडी पिळली. पोराचे ओठ पांढरे पडले होते. तेवढा वेळ मात्र हेवाबिवा सगळा विसरलो. ह्याचा हात जातो, की हाच जातो, एवढंच डोक्यात.

दवाखान्यात डॉक्टरांनी कपाळावरची वेळ पाहिली. "छान बांधलंय. कुणी?"

"आम्ही दोघांनी," साडू म्हणाला.

बघा! माणसाला धड रागवूही देत नाही.

"मध्ये सैल केलं होतं का?"

मी तोंड उघडतोय तोवर मेहुण्यानं स्ट्रेचरवरूनच डावा हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी माझा शर्ट पाहिला आणि स्ट्रेचर आत घ्यायला सांगितलं. तुटलेली रक्तवाहिनी शिवली. हात वाचला.

राहिलेलं जेवण अधिक मास संपायच्या आत झालं. सासूबाईंनी मला पहिल्या पाटावर बसवलं. शर्टाचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, "तरी बरं, बिस्किटीच होता. आकाशी असता तर जीव हळहळला असता."

मेहुणा वाढायला आला. पट्टीतून डोकावणाऱ्या बोटांच्या चिमटीत त्यानं अनारसा धरला होता. हळूच, पण त्याच हातानं. सगळे ती बोटं बघत होते. माझेही डोळे भरले.

अनारसा तो साडूच्या पानात टाकून आला. मला त्यानं डाव्या हातानं वाढला.