ओट्याखालचा दिवा

"भाऊ, दूध आणू का? महाराज घाई करून राह्यले."

वहिनी पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी ओट्याखाली अर्धा आत, अर्धा बाहेर. शेलूबाजारला गजाननभाऊ आणि या वहिनींच्या नव्या घराची वास्तुशांती होती. मुहूर्तावर नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं होतं आणि शेगडी अजून जोडलेलीच नव्हती. मी गॅस एजन्सीत मेकॅनिक आहे. कोणी मागे उभं राहून घड्याळ दाखवायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी तर अख्खा मांडव मागे उभा होता.

शेगडी काचेची, ग्रॅनाइट कापून ओट्यातच बसवलेली. हिला हॉब म्हणतात. वरून फार देखणी. सगळी भानगड खाली. तिच्या पोटाशी गॅस आत घेणारा एक पितळी वाकडा तुकडा असतो, तो एल्बो. एल्बोला पाईप, पाईपच्या दुसऱ्या टोकाला रेग्युलेटर, रेग्युलेटर सिलिंडरवर. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात होतं. त्या कपाटांच्या दारांना तळाशी जाळी ठेवायला मी सुताराला आधीच सांगून ठेवलं होतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते.

काम सुरू करण्याआधी मी सगळं बघून घेतलं होतं. पंगतीचा स्वयंपाक मागच्या अंगणात, भट्टीवर. देवाजवळचा अखंड दिवा पुढच्या हॉलमध्ये. बाकीची कपाटं रिकामी. स्वयंपाकघरात पेटतं असं काही नव्हतं.

गजाननभाऊंनी स्वतः बाजारातून हिरवा पाईप आणून ठेवला होता. लांबच लांब, ड्रॉवरच्या मागून फिरवलेला. ड्रॉवर ओढला की त्याच्यावर घासणार.

"हा नाही चालत," मी म्हणालो.

"काहून? नवा कोरा आहे ना!"

"नवा पाईप घासला तर फाटत नाही का?"

गाडीतून एजन्सीचा नारिंगी सुरक्षा पाईप आणायला बाहेर गेलो. तेवढ्यात एजन्सीच्या मालकांचा फोन.

"झालं का? जुनं गिऱ्हाईक आहे आपलं. मुहूर्त चुकला तर मले तोंड दाखवाले जागा नाही राह्यची."

"साहेब, मुहूर्त चुकला तर तुमचं तोंड. जोड चुकला तर या लोकांचा जीव."

"बरं बरं. पण लवकर कर."

आत येऊन पाईप जोडला, क्लिप आवळली, रेग्युलेटर बसवला. गॅस सोडण्याआधी विचारलं, "मी बाहेर गेल्यावर कोणी काही पेटवलं तर नाही ना?"

"काहीच नाही पेटवलं," गजाननभाऊंची आई म्हणाली. त्यांना मी मावशी म्हणतो. वयस्क बाई, सकाळपासून उपाशी, पण नजर सगळीकडे.

मी रेग्युलेटरचा नॉब फिरवला आणि ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. गॅस गळत असला की तिथे बुडबुडे येतात. रेग्युलेटर ठीक. पाईपचं खालचं टोक ठीक. एल्बोवर ब्रश टेकवला आणि फेस भराभर फुगला. ग्रॅनाइटवाल्याने हॉब खाचेत दाबून बसवताना एल्बोच फिरवून ठेवला होता. वासही आला. हात लगेच नॉबवर गेला, बंद केला. आणि मान वळवली तर शेजारच्या कपाटाच्या जाळीतून पिवळा उजेड. हलणारा.

दोन कपाटांमधली फळी मागच्या बाजूने उघडी होती, गॅसला पलीकडे जायला वाट.

"वास येऊन राह्यला," गजाननभाऊ म्हणाले आणि त्यांचा हात भिंतीकडे गेला. "एक्झॉस्ट लावतो."

"बटणाले हात नका लावू!"

मी इतका जोरात ओरडलो की हॉलमधले मंत्र थांबले. बटण दाबलं की आत बारीक ठिणगी उडते. तेवढी पुरते. "खिडक्या उघडा. सगळे बाहेर व्हा!"

शेजारचं दार मी हळूच उघडलं. आत ताम्हणात पितळी दिवा, शांतपणे जळत होता. मी हात पुढे केला तर मनगट कोणीतरी घट्ट धरलं. मावशी.

"इझवू नको, बापू. हॉलात कूलरचा वारा नेमका त्याच्यावर येत व्हता. इझाले आला व्हता, म्हून आडोशाले ठेवला म्या. उद्या सकाळपर्यंत राह्यला पाह्यजे."

"मावशी, हात सोडा!"

"मागच्या घराच्या वास्तूले दिवा इझला व्हता. त्याच साली गजाननचे बाबा गेले."

मी दाराकडे बोट दाखवलं. "मावशी, दिवा पुन्हा लावता येईल. या वहिनी पुन्हा कुठून आणसान?"

वहिनी अजूनही पातेलं धरून दारातच उभ्या होत्या, रडकुंडीला आलेल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. माझं मनगट सोडलं. मग खाली वाकल्या, दिव्याला हात जोडले आणि दोन बोटांनी वात चिमटीत धरून स्वतःच दिवा शांत केला.

सिलिंडर मी अंगणात नेऊन ठेवलं आणि पायरीवर बसलो. एवढी वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी मी मनापासून घाबरलो होतो. गळती बारीक होती, नॉब क्षणभरच उघडा होता, म्हणून निभावलं.

घर पुरतं मोकळं झाल्यावरच पुन्हा आत गेलो. हॉब वर काढला, एल्बो सरळ केला, वायसर बदलला. पुन्हा साबणाचं पाणी. एकही बुडबुडा नाही. मुहूर्त केव्हाच टळला होता. महाराजांनी पंचांग उघडून लगेच दुसरा काढून दिला. इतका जवळचा मुहूर्त मिळतो हे आधी कळतं, तर सकाळपासून कोणी माझं डोकं खाल्लं नसतं. दूध छान उतू गेलं. वहिनी हसल्या.

मावशी माझ्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी काहीच पेटवलं नव्हतं. पेटता दिवा फक्त हलवला होता. आणि आपल्याकडे देवाच्या दिव्याला कोणी आग समजत नाही. म्हणून आता मी विचारतो तर खराच, पण उत्तरावर विसंबून राहत नाही. नुसता पाणी प्यायला बाहेर गेलो तरी परत आल्यावर एकेक कपाट उघडून बघतो. लोक हसतात. हसू देत.

निघताना मावशींनी प्रसाद हातावर ठेवला. बोटं अजून काजळीने काळी होती. देवापुढे दिवा पुन्हा लागला होता.

"आता तर आत नाही ना नेणार?" मी विचारलं.

"नाही नेत," त्या म्हणाल्या आणि हॉलकडे बोट दाखवलं.

त्यांनी कूलरच फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. पाहुणे घामाने निथळत जेवत होते, आणि मावशींना सांगायची कोणाची हिंमत होत नव्हती.