गोणपाटाखालची चीर

राजाराम मिस्त्रींना मी तोंडावर फितूर म्हणालो होतो. माझ्या जिभेला हाड नाही, म्हणून हे आधीच कबूल केलेलं बरं.

साल सत्तावन्न, नोव्हेंबरची अखेर. पंतप्रधान प्रतापगडावर येणार, म्हणून संयुक्त महाराष्ट्रासाठी तिथे मोर्चा जाणार होता आणि लालबागच्या आमच्या चाळीतली पाच माणसं मी माझ्या टॅक्सीतून नेणार होतो. त्यात माझी बायको शेवंतीही होती. नेमकं त्याच आठवड्यात गाडीच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. शेजारच्या रमाकांत मास्तरांनी वाचून दाखवलं. मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारे कमानीचे पाटे सदोष निघालेत, गाडी चालवू नका, वर्कशॉपात आणा, फुकट बदलून देऊ.

फुकट? टॅक्सीवाल्याला कंपनी कधी फुकट पाणी तरी पाजते का? आम्हाला मोर्चापासून अडवायची ही चाल, असं मी ठरवून टाकलं आणि टॅक्सी कॉटन ग्रीनला एका गोदामामागे लपवली.

राजाराम मिस्त्री परळच्या त्या वर्कशॉपात पाटे बसवायचे. काम सुटल्यावर ते दोनदा चालत चाळीत आले. यादीतल्या तीनच गाड्या यायच्या राहिल्यात, त्यात तुमची एक, म्हणाले. गाडी गावाला गेलीय, अशी मी थाप मारली. दुसऱ्या खेपेला वर फितूर अशी शिवीही दिली. ते जिना उतरून गेले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गोदामामागून टॅक्सी आणून चाळीसमोर धूत होतो. मान वर केली तर समोर मिस्त्री, हातात जॅक.

"रघुवीरभाऊ, शिव्या मागाहून द्या. दहा मिनिटं गाडी उचलू द्या."

मी नाही म्हणणार, तोच शेवंती दारातून बोलली, "बघूं दे त्येंका. बघून गाडी झिजतली काय?"

पाटे कुरकुरू नयेत म्हणून मी त्यांच्यावर तेलात भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं होतं. ही माझी हुशारी मी स्टँडवर मिरवायचो. मिस्त्रींनी सुतळी कापली, गोणपाट सोडवलं आणि मला खाली वाकायला सांगितलं. मुख्य पाट्याला चीर गेली होती, नख आत शिरेल एवढी.

"भरलेली गाडी, त्यात घाट," एवढंच ते म्हणाले. 

गाडी हळूहळू वर्कशॉपात नेली. त्या दिवशी मिस्त्रींची रजा होती, तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे पाटे त्यांनी स्वतः बदलले. मी म्हटलं, "मिस्त्री, उद्या चला आमच्याबरोबर. दाटीवाटीने बसू."

"मोर्चाला यायचं म्हणूनच रजा काढली होती," ते हात पुसत म्हणाले. "पण माटुंग्याच्या दोन गाड्या अजून फिरतायत. त्यांना गाठायला हवं."

गडाकडे जाताना आंबेनळीच्या घाटात एका वळणावर शेवंती घोषणा देत खिडकीबाहेर वाकली आणि तिच्या खांद्यावरून मला दरी दिसली. स्टिअरिंग सोडता येत नव्हतं, म्हणून मिस्त्रींना मनातच हात जोडले.

परतल्यावर आम्ही दोघं त्यांच्या नायगावच्या खोलीवर गेलो. त्या दोन्ही गाड्या सापडल्या होत्या. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी थांबवलं. "ते राहू द्या. गडावर काय झालं ते सांगा. पहिल्यापासून."

मी सांगत गेलो. शेजारी बसून शेवंती माझ्या चुका काढत होती, मध्येच तोडून स्वतःच सांगत होती. मिस्त्री तिच्याकडे बघत ऐकत होते. ती तिथे धडधाकट बसून बोलत होती, आणि याहून मोठं काही मला कुणी कधी दिलेलं नाही.