डोळे आखायच्या आधी

हमरापूरला आत्याच्या गणपती कारखान्यात रंगाचा वास आला, की मला ती भिंत आठवते. गोळीबारानं बदनाम झालेल्या त्या परक्या शहरात मी कॅमेरा घेऊन एकटीच हिंडत होते, सारखी मागे वळून बघत. एका गल्लीत एक बाई गोळी लागून गेलेल्या आपल्या मुलाचा चेहरा भिंतीवर रंगवत होती आणि दारातले पुरुष माझ्यावर नजर रोखून होते. मी कॅमेरा उचलला, पण चेहऱ्याला अजून डोळे नव्हते. "डोळे आखल्याबिगर फोटो काढायचा नाय गो," ही मूर्तींबद्दलची आत्याची ताकीद आठवली आणि कॅमेरा आपोआप खाली आला. मी तिथंच ताटकळत बसले. डोळे रंगवून झाल्यावर बाईनंच मला खुणावलं. परवा तो फोटो आत्याला दाखवला. तिनं विचारलं, "नाव काय गो याचा?" ते मी विचारलंच नव्हतं.