उद्घाटनापुरतं यंत्र

हरणाबाई निवडून आल्या याचं श्रेय पक्ष घेतो. ते खोटं आहे. पक्षाला त्या वर्षी आटपाडीच्या बाजूला धनगराची एक बाई उभी करायची होती, पडली तरी चालेल अशी. हरणाबाई उपकेंद्रातल्या नर्स. त्यांचे आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कराडच्या उसाच्या पट्ट्यात जायचे. या पोरीला मात्र त्यांनी मामाकडं ठेवून शिकवलं. साताऱ्यात नर्सिंगचा कोर्स करून त्या माळावर परत आल्या आणि वस्त्यावस्त्यांवर बाळंतपणं करत राहिल्या. पुढाऱ्यांच्या गाड्या जिथं कधी वळल्या नाहीत, तिथल्या बायका त्यांना नावानं हाक मारायच्या. त्याच बायकांनी त्यांना मुंबईला पाठवलं.

विधानभवनात त्यांना मान मिळाला तो असा. लॉबीत कुणीतरी शर्टाची बाही वर करून हात पुढं करायचा, "सिस्टर, जरा बीपी बघा की." सभागृहात डॉक्टर असलेले आमदारही होते. त्यांच्यापुढं कुणी हात केला नाही.

हरणाबाई एकच गोष्ट मागत राहिल्या. त्यांच्या भागातल्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली होती, फरशी होती, दिवे होते. भूल देण्याचं यंत्र नव्हतं. त्यामुळं अडलेली प्रत्येक बाई सांगलीला पाठवली जायची. कित्येक अधिवेशनं 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच उत्तर आलं. मग एकदाचा निरोप आला, यंत्र बसलं, मंत्री उद्घाटनाला येणार.

त्या दिवशी मांडव पडला, फेटे बांधले गेले. आत नवंकोरं दिसणारं यंत्र होतं. हरणाबाईंनी त्यावरून हात फिरवला तेव्हा त्यांचे डोळे भरले. दाराशेजारी संगमरवरी पाटी लागली, त्यावर मंत्र्यांखाली त्यांचं नाव होतं.

त्याच संध्याकाळी दादासोंचा फोन आला. मेंढपाळ माणूस, त्यांची लेक प्रांजल हरणाबाईंच्याच हातावर जन्मलेली आणि शेजारच्या तालुक्यात दिलेली.

"हरणाक्का, पोरगं गेलं आमच्या प्रांजलचं."

"कसं काय? तिथल्या दवाखान्यात तर सिझर हुतंय की."

"मिशीन न्हाई म्हणाले. काल टेम्पोत घालून तुमच्याकडं नेलंय म्हणं, उद्घाटनाला. सांगलीला जा म्हणाले. वाटंतच..."



सकाळी त्या रुग्णालयात पोचल्या तेव्हा टेम्पो मागच्या दाराला लागलेला होता. चार माणसं यंत्र चढवत होती. अधीक्षक डॉ. उदयसिंह बाजूला उभे होते.

"मॅडम, वरून आदेश होता," ते म्हणाले. "आपलं यंत्र अजून आलेलं नाही. मंत्र्यांची तारीख मात्र ठरली होती. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

"त्या एका दिवसात तिकडं बाळंतीण येणार न्हाई, हे कुणी ठरवलं?"



हरणाबाई टेम्पोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. टेम्पो अडवावा, पत्रकारांना बोलवावं, सगळ्यांना दाखवावं, असं त्यांच्या मनात होतं. पण तिकडं आज दुसरी कुणी अडली असेल तर?  त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "जावा लवकर. कुठं थांबू नगा."

मग त्यांनी नवऱ्याला, बिरदेवांना, फोन करून पहार मागवली. डॉक्टर "मॅडम, असं करू नका" म्हणत राहिले आणि हरणाबाईंनी स्वतःच्या हातानं ती पाटी भिंतीतून उखडली. तुकडे तिथंच पडू दिले.

त्यानंतर जे झालं ते ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. सभागृहात त्यांनी विचारलं, यंत्र हलवायचा आदेश कुणाचा? उत्तर मिळालं, 'यंत्रसामग्रीचं तात्पुरतं स्थलांतर ही नियमित बाब आहे.' त्यांनी प्रांजलचं नाव घेतलं, तेव्हा त्यांना खाली बसायला सांगितलं गेलं. पक्षानं नोटीस काढली, कारण शिस्तभंग. पुढच्या निवडणुकीत तिकीट गेलं ते वीरधवल नावाच्या एका ठेकेदाराला. उद्घाटनाचा मांडव त्याचाच होता.

यंत्र अखेर आलं, हे खरं. भूल देणारा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, तेही मन असेल तर. बाकीच्या दिवशी अडणाऱ्या बायका अजूनही सांगलीच्या रस्त्याला लागतात.

टेम्पोचा आदेश देणाऱ्याची चौकशी झाली नाही. गुन्हा दाखल झाला तो एकच, हरणाबाईंवर, सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याचा. त्या अजून तारखांना जातात. मागच्या तारखेला वकील म्हणाले, "ताई, खेद व्यक्त करा, प्रकरण आजच मिटेल."

"व्यक्त करते की," हरणाबाई म्हणाल्या. "पण पयला त्यांनी करायचा. हितं न्हवं, प्रांजलच्या दारात जाऊन."

वकिलांनी पुढची तारीख घेतली.