चुकीच्या समासातलं लग्न

चर्चच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट होतं. त्याची एक किल्ली फादरांकडे असे आणि दुसरी जिच्या गळ्यात असे, तिला सगळे कुलूपमावशी म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणायची छाती कोणाची होती? बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि मृत्यूंच्या नोंदवह्या त्या कपाटात होत्या आणि त्यांचे नियम मावशीच्या अंगात मुरले होते. वही इमारतीबाहेर जायची नाही. वहीत एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. नोंद ज्याची, उताराही त्यालाच मिळायचा. चहाचा कप तर कपाटाच्या खोलीत फिरकलेलाही तिला खपत नसे.

एकदा एका मुलाची आत्या होणाऱ्या सुनेचं खरं वय बघायला गोड बोलत आली. मावशी म्हणाली, "वय मुलीलाच विचारा. आणि विचारून धडधाकट परत आलात तर मलाही सांगा." आत्याबाई आल्या पावली परत गेल्या.

नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हा मावशी टायपिंग शिकून या कार्यालयात आली आणि इथलीच झाली. बहिणीच्या जुळ्या मुलींवर, थोरलीवर आणि धाकटीवर, तिचा भारी जीव. त्या खऱ्या भाच्यांमुळेच मावशी हे नाव गावभर झालं होतं.

तिच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे समास, वहीच्या पानाच्या कडेची कोरी जागा. कोणाचं लग्न कुठल्याही चर्चमध्ये लागलं, तरी तिथले फादर बाप्तिस्मा झालेल्या चर्चला लेखी कळवतात आणि तिथे त्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, लग्न लिहून ठेवतात. म्हणजे एक जोडीदार घरी ठेवून दुसरीकडे बोहल्यावर चढायची कोणाची टाप नाही. पुन्हा लग्न ठरलं की नवा उतारा लागतो, आणि समासात जे असेल ते त्यात उतरतंच.

धाकटीचं लग्न ठरलं, तेही नवऱ्या मुलाच्या गावी, त्याच्या चर्चमध्ये. तिच्यासाठी उतारा काढायला मावशीने हौसेने वही उघडली आणि समासावर बोट ठेवून दोनदा वाचलं. धाकटीच्या नावाशेजारी, मावशीच्याच वळणदार अक्षरात, लग्न झाल्याचं लिहिलेलं होतं. नवरा म्हणून नाव होतं थोरलीच्या नवऱ्याचं!

घडलं होतं ते असं. बाप्तिस्म्याच्या दिवशी धाकटीने रडून चर्च डोक्यावर घेतलं, म्हणून तेव्हाच्या फादरांनी आधी तिलाच उरकलं. वहीत ती वर गेली, थोरली खाली. पुढे थोरलीच्या लग्नाची सूचना आली तेव्हा मावशीने वहीतलं नाव वाचलंच नाही. परक्याची पोर असती तर डोळ्यांत तेल घालून वाचलं असतं. घरच्याच पोरी, वरची ती थोरली, त्यात वाचायचं काय?

बहीण धावत आली. "पांढरी शाई लाव नि मोकळी हो. तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"अगं, शनिवारी लग्न आहे! तुला नियम प्यारा की पोर?"

मावशीला रडू फुटणार होतं. ते तिने बहीण निघून गेल्यावर उरकलं आणि तोंड धुऊन फादरांसमोर जाऊन उभी राहिली. फादर भला माणूस, पण कायद्याला पक्का. "बिशपांच्या कार्यालयाचा लेखी आदेश हवा, आणि आदेशाला पुरावा हवा," ते म्हणाले. "पोस्टाने पाठवलं तर शनिवार हातचा जाईल."

"पोस्टाने कशाला? मला पाय आहेत."

थोरलीचं लग्न लागलं होतं त्या चर्चमधून तिने सही-शिक्क्यानिशी प्रत आणली आणि फादरांचं पत्र घेऊन थेट बिशपांचं कार्यालय गाठलं. दारातला कारकून म्हणाला, "साहेब कामात आहेत, पुढच्या आठवड्यात या." मावशी बाकावर बसली. कारकून जेवून आला, मावशी बसलेलीच. त्याने पंखा बंद करून पाहिला, मावशी पदराने वारा घेत बसली. शेवटी ही बला टळावी म्हणून त्याने कागद आत नेले आणि तिला बोलावणं आलं.

दफ्तर सांभाळणारे म्हातारे फादर कागद वाचून हसू लागले. "म्हणजे एकाच माणसाला दोघी बहिणी?"

"कागदावर, फादर. घरात त्याला एकच झेपत नाही."

त्यांनी आदेश लिहायला घेतला: जुनी नोंद आहे तशी वाचता येईल अशीच ठेवावी, ती रद्द केल्याचं खाली लिहावं, आणि लग्न थोरलीच्या समासात नोंदवावं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "कारण 'कार्यालयीन चूक' एवढंच लिहितो. तुमचं नाव कशाला मध्ये?"

मावशीला मोह झाला. वह्या तपासायला आलेल्या प्रत्येक बिशपांनी शेऱ्यात तिचं कौतुक केलं होतं. पुढच्यांना हेच पान दिसणार होतं. तरी ती म्हणाली, "नको, फादर. उद्या मी नसेन, तुम्हीही नसाल. हे पान उघडणाऱ्याला रद्द झालेलं लग्न दिसेल, आणि माणसांची जीभ तुम्हाला माहीत आहे. मुलीनेच काहीतरी दिवे लावले असतील म्हणतील. चूक कोणाची ते स्पष्ट लिहा."

शुक्रवारी सकाळी फादरांच्या समोर तिने वहीत लिहिलं. बहीण खांद्यावरून वाचत होती: 'वरील नोंद माझ्या निष्काळजीपणाने चुकीच्या नावासमोर पडली. या मुलीचा त्या लग्नाशी काही संबंध नाही.' खाली मावशीचं पूर्ण नाव आणि सही. फादरांनी आपली सही केली, शिक्का मारला.

बहिणीचा आवाज उतरला. "अगं, एवढं ठळक नाव कशाला घातलंस? आता ते कायमचं राहणार."

"राहू दे. तिच्या नावावर काही राहिलं नाही म्हणजे झालं," मावशी म्हणाली. "आता सरक बघू तिकडे, उजेड अडवू नकोस. नवरीचा उतारा लिहायचाय."